चेनमामाचं माप

त्या सकाळी धुकं असं उतरलं होतं की समोरच्या दातांच्या दवाखान्याची पाटी दिसेना. पाटीवर रंगवलेला दात तेवढा अधांतरी लोंबत होता. गारठ्यात चेनी आखडतात, रनर दातांवर अडून बसतो, माणसं घाईत हिसका देतात आणि रनर हातात येतो. म्हणून थंडीचे दिवस हे चेनमामाच्या धंद्याचे दिवस. मामानं दुकानाचं शटर वर ढकललं, दिवा लावला, छताला वटवाघळांसारख्या टांगलेल्या बॅगांतली एक काठीनं खाली ओढली आणि मांडीवर घेऊन तिच्या चेनीवर मेणबत्तीचा तुकडा घासायला लागला. एक फेरी मेणाची, एक फेरी रनरची, परत मेण.

त्याला खरं नाव नव्हतं असं नाही, पण ते फक्त विजेच्या बिलावर छापून यायचं. गल्ली त्याला चेनमामा म्हणायची. तुटलेली चेन, निखळलेलं चाक, अडकलेला दांडा, किल्ली हरवलेलं कुलूप, असलं सगळं त्याच्याकडे यायचं. कापडाचं आणि अस्तराचं काम बायको करायची. तिचं शिलाई मशीन दुकानाच्या आतल्या कोपऱ्यात, खिडकीशी होतं. आज त्या मशीनवर फडकं पडलेलं होतं.

मेण घासून झाल्यावर मामानं पेपर उघडला आणि नेहमीसारखं प्रवासाचं पान काढून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. एका कंपनीनं म्हणे दूरच्या कुठल्या बेटावर थेट विमान सोडलं होतं. दुसरीनं विमानातलं फुकटचं जेवण बंद केलं होतं. तिसरीनं गुडघ्यापुढची जागा आणखी कमी करून त्याला नवीन अनुभव असं नाव दिलं होतं. मामा वाचायचा आणि मध्ये थांबून शेरा मारायचा. रोज या शेऱ्यावर मशीनच्या कोपऱ्यातून एक टोमणा यायचा. आज फडकं गप्प होतं. मामानं दोनदा मान वळवून तिकडे बघितलं आणि पान दुमडून ठेवलं.

मामाला प्रवासाचं वेड होतं, पण स्वतः जायचं वेड नव्हतं. जगातली सगळी ठिकाणं त्याला तिथं बॅगेचं काय होतं त्यावरून माहीत होती. दगडी रस्त्यांचं जुनं शहर म्हटलं की तो मान हलवायचा, "चाकांचं स्मशान." बेट म्हणजे वाळू, आणि वाळू म्हणजे चेनीचे दात गेले. बर्फाचा मुलूख म्हणजे रस्त्यावर टाकलेलं मीठ, आणि मीठ म्हणजे दांडा गंजला. लोक फिरून यायचे, फोटो दाखवायला लागायचे, तर मामा फोटो बाजूला सारून बॅग उलटी करायचा.

यात तो चुकायचाही. एकदा एका मास्तरीणबाईंच्या बॅगेतून वाळू निघाली, तर यानं छातीठोक सांगितलं, "बाई, बेटावर जाऊन आलात." बाई म्हणाल्या, बॅग वर्षभर माळ्यावर आहे, तिच्यात मांजर बसतं, वाळू मांजराची आहे. मामा तसूभर हलला नाही. म्हणाला, "मग मांजर जाऊन आलं असेल."

हाच त्याचा स्वभाव होता. चूक ही जगात पुष्कळ होती, फक्त मामाकडे नव्हती. रनर फसला तर चेन मुळात वाकडी होती. कुलूप उलटं बसलं तर गिऱ्हाईक डावखुरं होतं. इतक्या वर्षांच्या संसारात 'चुकलं' हा शब्द बायकोनं त्याच्या तोंडून ऐकला नव्हता. एकदा स्वतःच्या बोटावर हातोडी बसली, तेव्हाही तो बोटालाच ओरडला होता, तू मध्ये कशाला आलंस म्हणून.

तर असं रोज मोठ्यानं वाचता वाचता जे व्हायचं ते झालं. मामा ऐकवत राहिला आणि बायको ऐकत राहिली. त्याला ऐकू यायची चाकं, तिला ऐकू यायचा समुद्र. एक दिवस तिनं मशीन थांबवलं, दोरा दातानं तोडला आणि म्हणाली, "वाचता तुम्ही. आता जाते मी."

मामाला वाटलं, बाजारात जातेय.

तिचं म्हणणं, ती आणि तिची थोरली बहीण, दोघी मिळून चार दिवस समुद्रकाठच्या शहरी जाणार. थोरली म्हणजे रिटायर झालेली नर्स. जन्मभर वॉर्डातल्या डॉक्टरांना सुद्धा रांगेत उभी करत आलेली बाई. मामा तिला 'मोठ्या ताई' म्हणायचा आणि शक्यतो मागून म्हणायचा. या दोघी बहिणींचं जायचं याआधीही दोनदा ठरलं होतं. पहिल्या वेळी निघायच्या आदल्या दिवशी मशीनचा पट्टा तुटला आणि गिऱ्हाइकांचं शिवण अडलं. दुसऱ्या वेळी निघायच्याच सकाळी मामाला ताप भरला. पट्टा जुना होता हे खरं. तापाचं खरंखोटं तापालाच ठाऊक. मोठ्या ताईंनी तेव्हा थर्मामीटर झटकून डब्यात ठेवताना एवढंच म्हटलं होतं, "भाऊजी, हा आमच्या वॉर्डातल्या पोरांना शाळेच्या दिवशी यायचा तसला ताप आहे."

या खेपेला त्यांना बळ आलं ते एका नव्या विमान कंपनीमुळे. गावाबाहेरच्या छोट्या विमानतळावर आजवर जेमतेम एक विमान एसटीसारखं धडधडत यायचं आणि जायचं. तिथून या कंपनीनं समुद्रापर्यंत थेट विमान जाहीर केलं. तिकीट एवढं स्वस्त की लोकांना वाटलं, एखादा आकडा छापायचा राहून गेला. पण फुकट काही नव्हतं. पाणी विकत, खिडकी विकत, आणि सोबत फक्त एक छोटी बॅग. ती बॅगही दाराशी ठेवलेल्या लोखंडी पिंजऱ्यात पूर्ण बसली पाहिजे. नाही बसली तर तिकिटापेक्षा दंड मोठा. पेपरात पिंजऱ्याची लांबी-रुंदी-जाडी छापून आली, आणि गल्लीनं आपापल्या बॅगा मोजल्या, तर जवळजवळ सगळ्याच वीतभर लांब.

दुसऱ्या दिवशी मामानं पाटी लावली, 'विमानाच्या मापात बॅग आखूड करून मिळेल.'

बॅग आखूड करायची म्हणजे गंमत नव्हे. चाकं उतरवायची, तळ उसवायचा, दांडा कापायचा, कापड छाटायचं, तळ परत वर चढवून शिवायचा आणि चाकं लावायची. मामा कापायचा, बायको शिवायची. पहिली बॅग कापायला घेतली तेव्हा तिनं विचारलं होतं, "माप चाकं धरून की चाकं सोडून?"

मामाला हसू आलं. धंद्यात चाकं कोण मोजतं? चाकं आज आहेत, उद्या झिजली की बदलायची. त्याच्या उस्तादानं पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं, पेटी मोजायची, पाय मोजायचे नाहीत. तो बायकोला म्हणाला, "माणसाची उंची मोजताना चपला मोजतात का?"

"नाही मोजत," ती म्हणाली. "पण दारातून जाताना माणूस चपला घालूनच जातो."

मामानं उत्तर द्यायच्या लायकीचं ते मानलं नाही आणि कात्री चालवली. महिनाभर दुकान नुसतं ओसंडत होतं. बेकरीवाला आला, त्याचे व्याही आले, मास्तरीणबाई मांजर झटकून बॅग घेऊन आल्या. शेवटी मामानं बायकोची आणि मोठ्या ताईंची बॅगही कापली. बायकोनं आपल्या बॅगेला आतून नवं निळं अस्तर लावलं. कुणी बघणार नव्हतं, तरी लावलं.

आज त्या विमानाची पहिली फेरी होती. पहाटेच ती निघाली. रिक्षात मोठ्या ताई आधीच फतकल मारून बसल्या होत्या. उंबऱ्यात बायको थांबली आणि तिनं मामाच्या कपाळाला हात लावून बघितला.

"गार आहे," ती म्हणाली.

"मग काय असणार?"

"विमान सुटेपर्यंत असंच ठेवा."

एवढं बोलून ती गेली. मामाला ते लागलं होतं. पेपर दुमडून बाजूला ठेवताना तो मनाशी म्हणत होता, आपण कुणाला अडवलंय? पट्टा काय आपण दातानं तोडला? तेवढ्यात धुक्यातून एक माणूस आला आणि त्यानं मढं ठेवावं तशी एक बॅग फळीवर ठेवली.

हा औषधवाला. डॉक्टरांकडे औषधांचे नमुने घेऊन फिरणारा, गळ्यात कायम टाय. त्याची बॅग मामानं अगदी पहिल्यांदा आखूड केली होती आणि तो ती घेऊन दुसऱ्या गावाहून याच कंपनीच्या विमानानं गेला होता. आत्ता परत आला होता आणि टाय कानाखाली गेला होता.

"बसली ना पिंजऱ्यात?" मामानं विचारलं.

औषधवाल्यानं टाय ओढून सरळ केला. मग सांगायला लागला तर थांबेना. बॅग पिंजऱ्यात गेली आणि तळाशी अडली. दारावरची पोरगी म्हणाली, सर, दंड. याला वाटलं, बॅग फुगलीय. म्हणून त्यानं तिथंच बॅग उघडली, चार शर्ट एकावर एक चढवले, विजारीवर विजार घातली, खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या कोटाच्या खिशांत कोंबल्या. रांगेतल्या एका लहान मुलीनं त्याच्याकडे बघून भोकाड पसरलं. एवढं करून रिकामी बॅग परत पिंजऱ्यात घातली, तर ती तितकीच अडली. रिकामी झाली म्हणून बॅग आखूड होत नाही, हे त्याला दंड भरताना समजलं. मग तो चार शर्टांनिशी मधल्या खुर्चीवर बसला, आणि वाटेत एक बाटली फुटली.

"तुम्ही उभी घातली असेल," मामा म्हणाला. "आडवी घालायची."

"आडवी घातली, तिरकी घातली, नमस्कार करून घातली. चाकं अडतात, मामा. चाकं."

"चाकांचा काय संबंध?"

"ते त्या पिंजऱ्याला जाऊन विचारा."

मामानं टेप ओढला. पेटी मोजली, बरोबर. पुन्हा मोजली, बरोबर. मग, कुणी बघत नाही ना असं बघून, टेप चाकांपर्यंत खाली नेला. चार बोटं जास्त. तो टेप धरून तसाच उभा राहिला. मनात पहिलं वाक्य नेहमीचंच आलं, की पिंजराच चुकीचा बनवलाय. पण ते ओठांवर येईपर्यंत त्याची नजर कोपऱ्यातल्या फडक्यावर गेली.

ती दंड भरणार नाही. मामा तिला ओळखून होता. तिकिटापेक्षा मोठा दंड भरून जाणारी ती बाई नव्हती. ती मागे फिरेल, रिक्षा करून घरी येईल, फडकं काढेल आणि मशीनवर बसेल. बोलणार काहीच नाही. पण पट्टा, ताप आणि आता बॅग, ही बेरीज ती करणारच. बॅग कापली कुणी? नवऱ्यानं. विचारलं तेव्हा हसलं कोण? नवरा. या वेळी त्याच्या मनात तसलं तीळभरही नव्हतं, आणि हे तिला जन्मात पटणार नव्हतं.

त्यानं फोन लावला. बंद. विमानात फोन बंद ठेवतात असं मोठ्या ताईंनी ऐकलं होतं, म्हणून त्यांनी दोघींचेही फोन घरूनच बंद करून घेतले होते.

"स्कूटर आणलीय?" मामानं औषधवाल्याला विचारलं.

"आणलीय, पण माझ्या दंडाचं..."

"बोलू वाटेत."

वाटेत काही बोलणं झालं नाही. धुकं एवढं होतं की औषधवाला पुढं बघत होता आणि मामा मागून खाली वाकून रस्त्याची पांढरी रेघ सांगत होता. स्क्रू ड्रायव्हर त्यानं दातांत धरला होता, त्यामुळे डावीकडे आणि उजवीकडे हे दोन्ही शब्द सारखेच ऐकू येत होते. एकदा ते भाजी मंडईत शिरले आणि कोबीच्या ढिगाला वळसा घालून बाहेर आले. तेवढ्यात एक बरं कळलं, भाजीवाल्यांत चर्चा होती की धुक्यानं सगळी विमानं खोळंबलीत.

विमानतळ म्हणजे एक लांबोडकी काचेची खोली, एक दार आणि दारात एक गार्ड. काचेतून मामाला दोघी दिसल्या. ओळीतल्या खुर्च्यांवर बसलेल्या, पायांशी बॅगा. पलीकडे एका खांबाजवळ तो लोखंडी पिंजरा. बेकरीवाला, त्याचे व्याही आणि गल्लीतली आणखी काही माणसं इकडेतिकडे घोटाळत होती. मामानं काचेवर थापा मारल्या.

मोठ्या ताईंना आधी दिसलं. त्यांनी बहिणीला कोपरानं ढोसलं. बायकोनं वर बघितलं. मामाला वाटलं ती उठून येईल. तिचा चेहरा मात्र दरवाजा लोटावा तसा मिटला. तिनं तोंड फिरवलं आणि पाठ करून बसली.

मामानं हातानं गोल गोल करून दाखवलं, म्हणजे चाकं. मोठ्या ताई काचेपर्यंत आल्या आणि डोळे बारीक करून बघायला लागल्या. त्यानं परत गोल केलं. ताईंनी मान डोलावली, मशीनचा पट्टा तुटला वाटतं. त्यानं दोन्ही हात जोरजोरात नाही नाही असे हलवले, आणि एवढ्या गडबडीत फुटलेला घाम तळव्यानं कपाळावरून पुसला. ताईंचा चेहरा उजळला. त्या वळल्या आणि बहिणीला सांगायला गेल्या. ओठांवरूनच मामाला कळलं. त्या म्हणाल्या होत्या, ताप.

आता गार्डशिवाय गती नव्हती. गार्ड म्हणाला, तिकीट असेल तर आत या. तिकीट नाही म्हटल्यावर म्हणाला, मग बाहेर छान आहे. मामानं हातापाया पडून त्याला निरोप्या व्हायला तयार केलं. धुक्यामुळे त्यालाही दुसरं काम नव्हतं.

पहिला निरोप गेला, बॅगेची चाकं काढायची आहेत. गार्ड परत आला. "त्या म्हणतात, चाकं काय, मशीनसुद्धा विका. मी जाणार."

दुसरा निरोप गेला, बॅग पिंजऱ्यात बसणार नाही. गार्ड परत आला. "त्या म्हणतात, वाटलंच होतं. काहीतरी निघणारच. आणि दुसऱ्या बाई म्हणतात, क्रोसिन घेऊन झोपायला सांगा."

 आत कुणीतरी माईकवरून काहीबाही बोलत होतं, म्हणजे धुकं निवळायला लागलं होतं. त्यानं एकदा औषधवाल्याकडे बघितलं, एकदा स्क्रू ड्रायव्हरकडे. मग तो गार्डच्या कानाशी जाऊन काही पुटपुटला.

"ऐकू येत नाही," गार्ड म्हणाला.

"त्यांना सांगा, चूक झाली."

"कुणाची?"

मामानं आजूबाजूला बघितलं. दाराच्या आतल्या बाजूला बेकरीवाला कान टवकारून उभा होता. "माझी," मामा म्हणाला.

"मोठ्यानं सांगा, मामा. मला तिथं जाऊन सांगायचंय, उगाच उलटसुलट नको."

"माझी चूक झाली!"

बेकरीवाल्याच्या हातातला चहाचा कप कलला. गार्ड आत गेला, बोलला, थोडा थांबला आणि डोकं खाजवत परत आला.

"त्या म्हणतात, ते माझे मिस्टर नव्हेत. नीट बघा, दुसरंच कुणी असेल."

पण हे सांगेपर्यंत ती त्याच्या मागं येऊन उभी होती. एका हातात बॅगेचा दांडा, शेजारी मोठ्या ताई. उंबऱ्याच्या आत ती, बाहेर हा.

"काय झालं म्हणालात?"

"बॅग पिंजऱ्यात नाही बसणार. चाकं धरून मोजायला हवी होती."

"आणि चूक कुणाची?"

"माझी."

"परत म्हणा."

"अगं, विमान सुटेल."

"धुकं आहे. म्हणा."

मामानं परत म्हटलं. तिनं एकदा त्याच्या चेहऱ्याकडे निरखून बघितलं, ओवलेला दोरा सुईतून खरंच गेलाय का बघावं तसं. मग बॅग पुढं ढकलली.

आता प्रश्न असा, की स्क्रू ड्रायव्हर आत नेता येत नव्हता आणि आत गेलेली बॅग बाहेर काढता येत नव्हती. गार्डनंच तोड काढली. बॅग उंबऱ्यावर आडवी घालायची. तोंड आत, चाकं बाहेर. स्क्रू ड्रायव्हर ओलांडत नाही, बॅगही ओलांडत नाही. मामा बाहेर फरशीवर मांडी घालून बसला आणि भराभरा स्क्रू सोडायला लागला. सुटलेली चाकं त्यानं एप्रनच्या खिशात टाकली. बायकोची झाली, मोठ्या ताईंची झाली, तोवर बेकरीवाला आपली बॅग घेऊन हजर. मागोमाग त्याचे व्याही. मामानं आखूड केलेल्या बॅगांची रांगच लागली.

रांग दिसली की माणसं उभी राहतात. मामाला मान वर करायला सवड नव्हती. समोर बॅग आली की तो चाकं काढत होता. मधेच एक चकचकीत कडक कवचाची बॅग आली, असली बॅग त्यानं फक्त पेपरातल्या जाहिरातीत बघितली होती. तिची चाकं खिशात पडल्यावर तिचा सुटाबुटातला मालक खाली वाकून अदबीनं म्हणाला, "हे नक्की कशासाठी असतं?"

"तुम्ही रांगेत का उभे राहिलात?" मामानं विचारलं.

"सगळे उभे होते."

गार्डला एव्हाना चेव आला होता. तो हात हलवून म्हणत होता, चाकं काढून पुढे, चाकं काढून पुढे. कंपनीची एक पोरगी लगबगीनं आली आणि त्यालाच विचारायला लागली, की हा नियम कधीपासून. गार्डनं छाती काढून सांगितलं, आजपासून. पोरगीनं मान डोलावली. तिला रोज काही ना काही आजपासून असायचंच.

मग ती सगळी मंडळी बिनचाकांच्या बॅगा घेऊन पिंजऱ्याकडे निघाली. बेकरीवाल्यानं पावाचा ट्रे घ्यावा तशी बॅग डोक्यावर घेतली. मोठ्या ताईंनी नुकतंच जन्मलेलं मूल सोपवावं तशी दोन्ही हातांवर धरली. बायकोनं धुण्याच्या बोचक्यासारखी काखेत मारली. मामा काचेला नाक लावून उभा राहिला.

तिनं बॅग पिंजऱ्यात सोडली. ती गेली आणि अर्ध्यात थांबली.  तिनं वाकून बघितलं, पदर खोचला आणि बॅगेवर कमरेनं असा एक दणका दिला की पिंजऱ्याचं लोखंड वाजलेलं काचेबाहेर ऐकू आलं. बॅग तळाला बसली. परत बाहेर निघेना, म्हणून मोठ्या ताईंनी पिंजऱ्याचे पाय धरले, बायकोनं बॅगेचे कान धरले आणि दोघींनी मिळून ती उपसून काढली. ते काही नियमात नव्हतं. बसली, एवढं पुष्कळ होतं.

दारातून पलीकडे जाताना बायकोनं मागं वळून बघितलं. हात वगैरे हलवला नाही, तिला ते कधी जमलं नव्हतं. नुसतं बघितलं. दोन पावलं गेली आणि पुन्हा एकदा वळून बघितलं. मग सगळे आत गेले आणि काचेत मामाचंच तोंड उरलं.

विमान उठलं तेव्हा धुकं पुरतं फाटलं नव्हतं. आवाज तेवढा डोक्यावरून गेला. मामा आवाजाच्या मागं मागं मान फिरवत राहिला.

परत येताना औषधवाल्यानं विषय काढलाच. "मामा, माझ्या बॅगेचं काय?"

"चाकं काढून देतो."

"मग ओढायची कशी?"

"उचलायची."

"मग तिला चाकं कशाला होती?"

मामाच्या जिभेवर एक उत्तर तयार होतं. ते त्यानं गिळलं आणि म्हणाला, राहू दे दुकानातच, तळ परत उसवतो, या खेपेला चाकं धरून. दंडाबद्दल औषधवाल्यानं पुढं काही म्हटलं नाही. त्यानं आज मामाच्या तोंडून 'माझी चूक झाली' हे स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. गल्लीत आपल्याआधी ही बातमी कुणी पोचवू नये, एवढीच घाई आता त्याला झाली होती.

दुकानात येऊन मामानं एप्रनचे खिसे फळीवर रिकामे केले. काळी, करडी, झिजलेली, नवी, सगळी चाकं एकमेकांत मिसळून गडगडली. कुणाची कुठली हे देवालाच ठाऊक. त्या चकचकीत बॅगेची तेवढी ओळखू येत होती. त्यानं ती दोन वेगळी काढली, बाकीची जोड्या जुळवायला घेतली आणि दोन जोड्या लागल्यावर सगळी डब्यात लोटली.

मास्तरीणबाई दारात आल्या होत्या. हातात त्यांच्या नातवाचं दप्तर, पट्टा मुळापासून उसवलेला. वहिनी कुठायत, त्यांनी विचारलं. मामानं सांगितलं, समुद्रावर गेलीय. बाई म्हणाल्या, मग राहू दे, त्या आल्यावर देते. मामा म्हणाला, उद्या पोरगं दप्तर काय काखेत मारून नेणार? द्या इकडे.

त्यानं मशीनवरचं फडकं काढून घडी घातली आणि खुर्चीवर बसला. खुर्ची तिच्या उंचीची होती, गुडघे मशीनच्या फळीला टेकले. दोऱ्याचं टोक त्यानं ओठांत ओलं केलं, एक डोळा मिटला आणि सुईच्या नेढ्यात घालायला गेला. दोरा शेजारून गेला. त्यानं टोक पुन्हा ओलं केलं, खिडकीकडे जरासा सरकला आणि पुन्हा घालायला गेला.